कानापुढचा सांधा

नंदुरबारच्या डॉक्टरांनी कागदावर एक लांबलचक इंग्रजी शब्द लिहिला. क्रॅनिओमँडिब्युलर. मला अर्थ विचारावा लागला नाही. क्रॅनिअम म्हणजे कवटी, मँडिबल म्हणजे खालचा जबडा. दोन्हींना जोडणारा सांधा, चावायचे स्नायू, त्यांचं दुखणं, या सगळ्यासाठी डॉक्टर लोक हा शब्द वापरतात. पुरुषोत्तमनगरजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. दरवर्षी पोरांना कानापुढे बोट ठेवून तोंड उघडायला लावतो आणि सांगतो, कवटीचं हे एकच हाड हलतं, लिहून घ्या, एका मार्काला येतं.

आणि घरी बायको कधीची म्हणत होती, "कान दुखी ऱ्हायना मन्हा."

मी लसणाचं तेल कोमट करून दिलं. कानाचं दुखणं जबड्यातूनही येतं, हे मला ठाऊक होतं. तिच्या बाबतीत ते डोक्यातच आलं नाही.

आमच्याकडे बाया शेवटी जेवतात. आम्हाला तव्यावरची भाकर, तिला टोपल्यात उरलेली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर गार झाली की चामड्यासारखी चिवट होते. ती वरणाच्या पाण्यात बुडवून खायची. आईनं एकदा ते पाहिलं.

"डोकरीसारखी भिजाडी भिजाडी खास! आमना दात काय लोखंडना व्हतात का?"

मी हसलो. नुसता हसलो नाही, वर म्हणालो, "उद्यापासून पेजच करा तिच्यासाठी."

त्यानंतर तिनं भाकर भिजवणं सोडलं. कोरडीच चावत राहिली, हे मला फार नंतर कळलं. माझं ते बोलणं आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग एका सकाळी तिचं तोंड उघडेना. जेमतेम एक बोट जाईल एवढंच.

डॉक्टरांनी तिच्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवली. "उघडा, ताई. हळू." कट् असा आवाज मलाही ऐकू आला.

"सर, घरी कडक काय खातात या?"

मला सांगताच येईना. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला जेवताना नीट पाहिलंच नव्हतं.

"सांधा झिजलाय. पूर्वीसारखा होणार नाही, पण दुखणं कमी होईल. मऊ खायचं, गरम खायचं, लहान घास."

"गरम कशी खाऊ?" ती खरंच गोंधळली होती. "घरमा सगळासनं जेवन ऱ्हास ना पहिले."

डॉक्टर हसले. या वेळी मला हसू आलं नाही.

घरी आल्यावर मी जाहीर केलं, आजपासून ती माझ्यासोबत बसेल, तव्यावरची पहिली भाकर तिची. बायको बसली. भिंतीकडे तोंड, पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. भाकरीचा तुकडा हातातच.

"खा ना."

"तुम्ही उठा ना जरा. कोनी देखी ऱ्हायनं का मन्हा घास उतरस नही."

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं आत गेलो तर ती भांडी घासत होती. तव्यावरची भाकर फडक्यात गुंडाळून माझ्या ताटाशी ठेवलेली होती. तिनं सकाळची खाल्ली होती.