दिवेलागणीची हजेरी

आमच्या जातीवर इंग्रजांनी जन्मजात चोर म्हणून शिक्का मारला होता. रोज दिवेलागणीला घरातल्या पुरुषांनी चावडीवर जाऊन पोलीसपाटलाला तोंड दाखवायचं, ही हजेरी. स्वराज्य आलं, कायदा गेला, पण माझ्या वडिलांचे पाय त्या वेळेला चावडीकडे वळायचेच. मला त्याची भयंकर चीड यायची.

पिंपरीला कारखान्याचं बांधकाम निघालं, तेव्हा मी तिथे बिगारी म्हणून लागलो. एका सकाळी गोदामातून तांब्याच्या तारेचं भेंडोळं गेलं. गावात बोभाटा झाला आणि वडील भर दुपारी, कुणी बोलावलं नसताना, चावडीवर जाऊन बसले. आपण पळालो नाही हे दाखवायला! पूर्वी तेवढ्याने मार चुकायचा. पण फौजदार नवा होता. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून त्याने त्यांना कोठडीत टाकलं.

मी काम टाकून धावलो.

"साहेब, चोर काय येडा असतो व्हय? घावंल किती आन् सापडू कितपत, ह्याचा इचार करूनच त्यो हात घालतो. चोरी झाली की तुमी पैल्यांदा आमच्याच झोपड्या उचकता. ज्याच्या दारात तुमी कधीच जात न्हाई, त्याला चोरी सोपी का आमाला?"

"रक्तातच आहे तुमच्या, आणि मला शिकवतोस?"

"रक्तात न्हाई, डोस्क्यात असतंय. तुमच्याबी."

मुस्काटात बसली. बसू दे, आजही मी तेच म्हणेन. आम्हाला साधूही म्हणू नका. गोदामाच्या कुंपणाचा पत्रा कुठे सैल आहे हे मला पाठ होतं, आणि तरी मी चोरी केली नाही. ते माझं मी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक भेंडोळं गेलं. वडील तर कोठडीत होते. फौजदाराने त्यांना सोडलं. चोर काही सापडला नाही. पक्क्या घरांतून कुणी शोधलंच नाही.

त्या संध्याकाळी आईने दिवा लावला आणि वडिलांनी सवयीने पटका गुंडाळला. मी दारात आडवा उभा राहिलो.

"आजपासून न्हाई, आबा."

"आन् त्यांनी इचारलं तर?"

"तर त्यांनी हितं यावं."

मग आबा खाली बसले, पटका काढून मांडीवर घेतला आणि आईला म्हणाले, "ह्या वक्ताला मानसं घरी काय करत्यात गं?"