टचस्क्रीनला कुंकू

आमच्या घरातला लॅपटॉप टचस्क्रीन आहे आणि त्याला हात लावायची मला मनाई आहे.

तो आणला मीच. मुलगी वैष्णवी इंजिनिअरिंगला. जुन्या लॅपटॉपनं मान टाकली तेव्हाच तिनं बजावलं होतं, "बाबा, साधाच घ्या. टचस्क्रीनचं चार्जिंग लवकर उतरतं, वजनही जास्त. मला दिवसभर टाईप करायचंय, बोटानं काय करू?" पण टीव्ही सेंटर चौकातल्या दुकानदारानं पडद्यावरचा वाघ दोन बोटांनी ताणून मोठा केला आणि मी विरघळलो! घरी येऊन मी तो वाघ इतका ताणला, की बायको म्हणाली, "अहो, फाटेल आता बिचारा."

दुसऱ्या दिवशी दुपारी वैष्णवीची ऑनलाइन मुलाखत होती. पुण्याच्या कंपनीत इंटर्नशिप! पोरगी आठवडाभर आरशाशी इंग्रजीत बोलत होती. वेळ होत आली तशी तिनं मीटिंगचं पान उघडून ठेवलं आणि कपडे बदलायला गेली. जाताना म्हणाली, "कुणीही हात लावू नका. विशेषतः बाबा."

तेवढ्यात पाचोडहून आलेली माझी आई पूजेचं ताट घेऊन हजर. "नवी वस्तू अन् पूजेबिगर वापरायची? टॅक्टरला केली, हिरीवरच्या मोटारीला केली, ह्यानंच काय घोडं मारलंय?"

"आई, वैष्णवीनं हात लावू नका म्हटलंय."

"हात कोन लावतंय? कुंकू लावायचंय!"

मला हे पटलं. (मी पदवीधर आहे.) पाण्यात कालवलेलं कुंकू बोटावर घेऊन विचारलं, "कुठं लावू?"

"मधोमध लाव की!"

मधोमध एक निळं बटण होतं. त्यावर स्वस्तिकाची पहिली रेघ ओढली मात्र, पडद्यावर दोन माणसं प्रकटली! एक मॅडम, एक टायवाले साहेब. आणि कोपऱ्यात बनियनवर मी.

आई खूश. "लई झ्याक! ओवाळ आता."

आता, हातात घेतलेली आरती अर्ध्यावर कशी सोडायची? मी ओवाळलं. मॅडमनी नकळत हात जोडले. साहेब निरांजनाबरोबर मान फिरवत राहिले. आईनं दोघांवर अक्षता टाकल्या.

मग माझ्या ध्यानात आलं, की माझी रेघ मॅडमच्या कपाळापासून थेट नाकापर्यंत आलीय. बरं दिसेना! मी पंच्यानं पुसायला गेलो. कुंकू पसरलं, ओलं बोट खालच्या चित्रांवर पडलं आणि पडद्यावर लाल बदाम उडू लागले. थवेच्या थवे!

बायको स्वयंपाकघरातून आली. "अहो, त्या बाईंना बदाम कसले पाठवताय?"

"मी नाही, आपोआप जातायत!"

"आपोआप? कालपर्यंत वाघ होता तो, आज बदाम?"

घाबरून मी आणखी जोरात पुसलं आणि मीटिंगच बंद पडली.

दारात वैष्णवी उभी. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं "बाबा..." म्हणाली आणि तिचे डोळे भरले. हौस माझी, आणि नुकसान पोरीचं! आई की-बोर्डमधले तांदूळ वेचू लागली.

वैष्णवीनं माऊस जोडून मीटिंग पुन्हा उघडली. मी दाराआड कान लावून उभा.

"आत्ता ओवाळत होते ते कोण?" मॅडमचा आवाज. चक्क मराठीत!

"माझे बाबा, मॅडम. सॉरी."

"सॉरी कशाला? आमच्या वडिलांनी पहिल्या कॉम्प्युटरपुढं नारळ फोडला होता. पाणी आत गेलं! मला एवढंच सांग, असे बाबा घरोघरी असणार. त्यांचं बोट चुकून पडलं तरी घोटाळा होणार नाही, असं ॲप तू कसं बनवशील?"

पोरगी जी सुटली! आरशाला सांगितलेलं सगळं राहिलं बाजूला. माझ्या प्रत्येक चुकीवर तिच्याकडे उपाय तयार होता. (माझ्या चुका तिला लहानपणापासून पाठ आहेत.) निवड झाली. मी दाराआडच रडलो. बायकोनं डोळे पुसायला तोच पंचा दिला, त्यामुळे तोंडही लाल झालं.

त्याच संध्याकाळी वैष्णवीनं लॅपटॉपचा टच बंद करून टाकला. हल्ली पाहुणे विचारतात, "शिकणाऱ्या पोरांना टचस्क्रीनचा काही उपयोग होतो का हो?"

"होतो म्हणजे! इंटर्नशिप मिळते!" असं म्हणत मी ऐटीत पडद्यावर बोट फिरवतो. पडदा ढिम्म हलत नाही. पाहुणे माझ्याकडे बघत राहतात.

मग आई त्यांची समजूत घालते, "बिघडला नाय तो. लई शाना हाय. ह्याचं बोट वळखतो."