तीनची बोट

दिलोस बेटावर मुक्कामाला कुणी राहत नाही, पहारेकरी सोडून. मारुसो त्यांतलीच एक. सव्वीस वर्षं तिची नोकरी झाली होती. सकाळी शेजारच्या मिकोनोसहून बोटी भरभरून माणसं यायची, पडके खांब नि बिनछपराची घरं बघत हिंडायची आणि तीनच्या शेवटच्या बोटीनं परत जायची. तेवढा वेळ मारुसोचा जीव थाऱ्यावर नसे. लोक संगमरवरी सिंह बघायचे. हिला दिसायची त्यांची उघडी डोकी, तळाला गेलेल्या पाण्याच्या बाटल्या, घसरड्या चपला. नवरा हयात असताना चिडवायचा, "अगं, तू दगड राखतेस की माणसं?"

"दगड कुठं जाताहेत?" ती म्हणायची.

या काळजीपायी तिनं त्या उन्हाळ्यात दोनदा बोट थांबवली होती. दोन्ही वेळा हरवलेली माणसं आधीच्या बोटीनं जाऊन मिकोनोसच्या बंदरावर आइस्क्रीम खात बसली होती. तेव्हापासून बोटीचा कप्तान झान्नी तिला बघितलं की कपाळाला हात लावायचा.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी मारुसोला स्वतःलाच तीनच्या बोटीनं जायचं होतं. संध्याकाळी सहाला तिच्या धाकट्या नातीचा बाप्तिस्मा. थोरल्या नातीला लेकीच्या सासूचं नाव दिलं होतं, आता पाळी मारुसोच्या नावाची. पाद्री ते मोठ्यानं उच्चारेल तेव्हा आपण समोर असावं, एवढीच तिची इच्छा. धक्क्यावर ती पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत तिचा स्वतःचा इस्त्री केलेला निळा झगा.

उत्तरेचा वारा दुपारपासून चढत होता. बोट धक्क्याला धडका देत होती. माणसं चढत होती आणि मारुसो एकेकाचा चेहरा बघत होती. चौकटीचा शर्ट घातलेला एक म्हातारा सकाळी अकराला तिच्याकडून पाणी घेऊन काठी टेकत टेकडीकडे गेला होता. एकटाच. तो काही दिसेना.

"झान्नी, एक माणूस राहिलाय."

"झालं सुरू!" झान्नी ओरडला. "मारुसोबाई, वारा बघ. अर्ध्या तासानं बंदरातून निघता येणार नाही. नव्वद माणसं आहेत माझ्याकडं."

"काठीवाला म्हातारा. मी त्याला उतरताना पाहिलं नाही."

"दीडच्या बोटीनं गेला असेल! नेहमी जातात तसा. चढ बघू, पोर वाट बघत असेल तुझी."

मारुसोनं वळून टेकडीकडे पाहिलं. खरंच गेला असेल का? दीडला ती दोन बायकांना विहिरीच्या कठड्यावरून उतरवत होती. तेव्हा निसटला असेल. वरती कुणी नसेल, तर नातीचं नाव ऐकायचं राहील आणि वर गावभर हसू होईल. पण असेल तर? सावलीचं एक झाड नाही त्या वाटेवर.

तिनं पाय मागं घेतला. "जा तू."

बोट लाटांवर आपटत निघून गेली. दुसरा पहारेकरी स्त्रातिस प्राचीन नाटकगृहाकडे धावला, ती टेकडीला लागली. वारा तिची हाक तोंडातूनच ओरबाडून नेत होता. पायऱ्या, गुहेचं तोंड, पडक्या देवळाचा चौथरा; कुठंच कुणी नाही. शिखरावरही कुणी नव्हतं. मूर्ख बाई, ती स्वतःला म्हणत होती, मूर्ख, मूर्ख.

उतरताना वाटेच्या डाव्या अंगाला, पडक्या भिंतीआड, तिला एक बूट दिसला.

म्हातारा कुशीवर पडला होता. अंग तव्यासारखं, कातडी कोरडी, ओठ पुटपुटत होते. मारुसोनं पिशवीतला निळा झगा काढला, बाटलीतल्या पाण्यानं भिजवला आणि त्याच्या मानेला, काखेला लावला. स्त्रातिसला ओरडून ओरडून बोलावलं, तटरक्षकांना फोन केला. "वारा फार आहे, येतो, पण वेळ लागेल," ते म्हणाले. स्त्रातिस पाणी आणत राहिला, ती झगा भिजवत राहिली. म्हाताऱ्याची छाती वर येतेय ना, यावरून तिची नजर हलली नाही.

पावणेसहाला मुलीचा, व्हिओलेताचा फोन आला. "आई, कुठं आहेस तू?"

"बेटावरच. एक माणूस पडलाय गं..."

"तुझं नेहमी कुणीतरी पडलेलंच असतं. आज तरी आमची आई झाली असतीस!" आणि फोन बंद झाला.

सातला तटरक्षकांची बोट आली. म्हाताऱ्याला दवाखान्यात पोचवून मारुसो मेजवानीत गेली तेव्हा मंडळी कलिंगड खात होती. कपड्यांवर माती, केस विस्कटलेले. व्हिओलेतानं तिच्याकडे पाहिलं. मग बाळ तिच्या मांडीवर आणून ठेवलं. मारुसोनं आपलंच नाव दबक्या आवाजात त्याच्या कानाशी म्हणून पाहिलं. बाळ झोपलेलं होतं.

म्हातारा वाचला की नाही, हे तिला तीन दिवस कुणी सांगितलं नाही. दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन ती माघारी आली; नको ते ऐकायला मिळालं तर? चौथ्या दिवशी ती कामावर निघाली तेव्हा झान्नीनं दोर सोडायच्या आधी टोपी काढली.

"तुझा काठीवाला काल विमानानं घरी गेला," तो म्हणाला. मग घसा खाकरून, समुद्राकडे बघत, "माझी चूक झाली."

मारुसो बोटीच्या कठड्याला धरून खाली बसली. मिकोनोसचं बंदर दिसेनासं होईपर्यंत तिला उठता आलं नाही.