यालिंगोचं पातं

लोमामी नदीकाठच्या याम्बोले गावाने आपल्या म्हाताऱ्या लोहाराला, लिकुंदेला, एवढ्यासाठीच किसांगानी शहराला धाडलं होतं: संग्रहालयातल्या पुरुषभर उंचीच्या भालापात्याखाली आपल्या गावाचं नाव लिहवून ये. पातं लढाईचं नव्हे. आजोबांच्या काळी मुलीच्या बापाला अशी चार-पाच पाती मोजून दिल्याशिवाय कुणाला मुलगी मिळत नसे. पात्याखालच्या कार्डावर मात्र ‘लोकेले’ लिहिलेलं. लोकेले ही नावाड्यांची जमात, त्यांनी पाती होड्यांतून फक्त नेली, घडवली याम्बोलेसारख्या गावांतल्या टोपोके लोहारांनी.

संग्रहालयाच्या ओसेंगेबाईंनी पातं टेबलावर ठेवलं आणि हातमोजे पुढे केले. निखाऱ्यांनी ज्या हातांचं काही बिघडवलं नाही त्यांना मोजे कशाला, असं म्हणून लिकुंदेने बोटं सरळ पात्याच्या मानेवर नेली. तिथे लोखंडाची कड दुमडून ठोकलेली असते. याम्बोलेचा लोहार ती डावीकडे दुमडतो.

ही उजवीकडे होती.

त्याने चष्मा पुसला, पुन्हा चाचपलं. शंकाच नव्हती. पातं पलीकडच्या काठावरच्या यालिंगोचं. याम्बोलेवाल्यांना फक्त कुदळी जमतात, असं पिढ्यानपिढ्या हिणवणाऱ्यांचं.

“तर पापा, याम्बोले लिहू ना?” वडीलधाऱ्याला म्हणतात तसं पापा म्हणत बाईंनी पेन उघडलं.

दुमड ओळखणारा दुसरा कुणी आता उरला नव्हता. हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

“यालिंगो लिहा,” लिकुंदे म्हणाला. “आणि खाली लिहा, कुणी ओळखलं ते. गावासकट.”

घरी बायकोने कसाव्याची टोपली दाणकन ठेवली. “बोफोयाचे पापा, होडीच्या भाड्याला कोंबड्या विकल्या, त्या शेजाऱ्यांचं नाव लावायला?” गाव आठवडाभर त्याच्याशी तुटकच बोललं.

मग एका सकाळी यालिंगोची होडी काठाला लागली. केळीच्या पानांत गुंडाळलेलं एक पातं घेऊन दोन पंच उतरले. त्यांच्याकडे एक लग्न मोडलं होतं. रिवाजापुरतं दिलेलं एक जुनं पातं मुलीकडच्यांनी परत करायचं होतं. पण हे आम्ही दिलेलं नव्हेच, आमचं याम्बोलेच्या घडणीचं होतं, असं मुलाकडचे म्हणत होते. मुलीकडचे ऐकत नव्हते. संग्रहालयातल्या कार्डाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती, आणि दोन्ही बाजूंनी एकच कबूल केलं होतं: लिकुंदे सांगेल ते खरं.

अख्खं गाव काठावर जमलं. लिकुंदेने पाहुण्यांना झाडाखाली बसवलं, ताटातला मासा सावकाश संपवला, हात धुतले आणि मग पानं सोडायला सांगितली.