वाढत्या अंगाची गिटार

हसायचं असेल तर आधी कपातला चहा संपवा. नंतर अंगावर सांडला तर मी जबाबदार नाही!

बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी श्रीगोंद्याचा, कॉलेजला नगरला. होस्टेलमधल्या एका दोस्ताच्या गिटारीवर वाजवायला शिकलो आणि मोठ्या ऐटीत गॅदरिंगला नाव देऊन बसलो. दोस्त नेमका कॉलेज सोडून गेला, गिटारीसकट! इकडे गावभर सांगून झालेलं. आता स्वतःची गिटार हवी, नाहीतर तोंड दाखवायला जागा नाही.

आमचे वडील, अण्णा, उसाचे शेतकरी. गिटार त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. म्हणाले, "एकदाच घेनार. जल्मभर पुरली पायजे. पुन्यांदा मागायची न्हाई!"

नगरला सायमन मिस्त्री हातानं गिटारी बनवायचे. उंचेपुरे, आवाज असा की सुतारकामापेक्षा प्रवचनाला बरा. भिंतीवर तीन गिटारी टांगलेल्या: बारकी, मधली आणि थोरली. मी बघतच राहिलो हो! पुढं पिवळसर देवदार, मागं काळंभोर शिसव. मिस्त्रींनी थोरलीच्या तारांवरून नुसता अंगठा फिरवला, तर आवाज कानात नाही, थेट छातीत वाजला! अण्णा मुकाट्यानं मागं फिरले आणि पायातल्या वहाणा दाराबाहेर काढून आले.

"आयला! ह्यात कोन बसलंय?" हळूच म्हणाले.

मला तर दुसरं काही दिसेचना. "हीच पाहिजे!"

मिस्त्रींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. वरपर्यंत म्हणजे फार लांब नाही. मी मुळातच बुटका.

"तुला बारकी. थोरलीवर तुझा हातच पोचायचा नाही."

"अवो मिस्त्री, पोराचं वाढतं अंग हाय," अण्णा म्हणाले. "आमी सदरा शिवताना बी दोन बोटं वाढीव ठिवतो."

"ही गिटार आहे, अण्णा! सदरा नाही. आतून दुमडून टीप मारता येत नाही."

"मंग पोरगं वाढंल की!"

आता मी एकोणीस वर्षांचा घोडा. कुठला वाढतोय? गप्प बसायचं ना! पण त्या आवाजानं मी पुरता येडा झालो होतो. "हो हो, यंदाच केवढा वाढलोय!" ठोकून दिलं.

"बस स्टुलावर. हात टाकून दाखव."

मी लेंग्यात होतो. हळूच डावा पाय दुमडून बुडाखाली घेतला आणि वर सरकलो. हात बरोब्बर तारांवर! मिस्त्री डोळे बारीक करून बघत राहिले. "कमाल आहे!"

"आमच्या घरान्यात उंची बसल्यावर दिसती," अण्णा म्हणाले.

मग नक्षीचा विषय निघाला. मिस्त्रींनी विचारलं, "मधल्या भोकाभोवती वेल काढू?"

"येल कशाला? ऊस काढा. पाचटासकट!"

मिस्त्री भडकले. पण माणूस हाडाचा कलावंत! गिटार तयार झाली तेव्हा भोकाभोवती शिंपल्याचा ऊस असा चमकत होता, की अण्णांनी पात्यावर बोट फिरवून पाहिलं, कापतंय का म्हणून.

गॅदरिंगचा दिवस उजाडला. पहिल्या रांगेत अण्णा, शेजारी मिस्त्री. आणि मी? नवी, अंगाला चिकटलेली पँट! तेव्हाची फॅशन होती ना. पडदा उघडला. लोकांना गिटार दिसली, मी काही दिसलो नाही.

"गिटार आली! वाजवणारा कधी येतोय?" मागून कोणीतरी ओरडलं.

हात तारांपर्यंत पोचेना. म्हटलं, करा जुनी युक्ती. पाय दुमडला, बुडाखाली सारला आणि... टर्रर्र!

पँट पुढून मागंपर्यंत उसवली. माईक समोरच होता, त्यामुळे ही बातमी शेवटच्या रांगेपर्यंत गेली!

उठावं तर अब्रू जाते. बसावं तर वाजवावं लागतं. पण हात आता पोचत होता! डोळे मिटले आणि वाजवायला लागलो. आणि काय घुमली हो ती थोरली! हसणारं अख्खं सभागृह गपगार झालं. मी पँटही विसरलो. हे माझ्या हातून निघतंय? अंगावर सरसरून काटा आला.

टाळ्या! शिट्ट्या! "अरे, उभा राहा की! तोंड तरी दाखव!"

कसा राहू उभा? पायाला मुंग्या, पँटीच्या दोन वाटण्या! शेवटी गिटार पोटाशी कवटाळून खेकड्यासारखा तिरपा तिरपा विंगेत गेलो.

मिस्त्री धावत आत आले. उसवलेली पँट पाहिली, लंगडणारा पाय पाहिला आणि सगळं उमगलं. "लबाडा! दुकानातही हेच केलंस काय रे?"

अण्णा मात्र भलतेच खूश. गिटारीमागं डोकावून म्हणाले, "बघा मिस्त्री! बारकी घेतली आसती तर येवढं झाकलं आसतं का?"

पुढं दर पाडव्याला अण्णा मला दाराच्या चौकटीला उभं करून डोक्यावर खूण करायचे. सगळ्या खुणा एकावर एक! शेवटी त्यांनीच नाद सोडला.

आज माझी सत्तरी उलटलीय. थोरली अजून तश्शीच घुमते, नातवानं तार छेडली तरी छातीत वाजतं. मला मात्र ती वाजवता येत नाही. कारण अण्णांचं खरं झालं हो, वाढलो मी! भरपूर वाढलो, पण सगळा पुढच्या बाजूनं. तेव्हा गिटार मोठी म्हणून हात पोचत नव्हता, आता मधे पोट येतं.

मिस्त्री असते ना, तर मुकाट्यानं वहाणा बाहेर काढून आत गेलो असतो आणि विचारलं असतं, "ती बारकी अजून आहे का हो?"