वजनकाटा पुसायचा राहिला

जनावरांच्या त्या दवाखान्यात तिला तोंडावर सगळे मावशी म्हणतात आणि पाठीमागे 'दहा मिनिटं'. आजारी कुत्रं टेबलावरून उतरलं की ती आधी साबणाने घाण काढणार, मग ब्लीचचं पाणी ओतणार आणि हात आडवा घालून उभी राहणार. "दहा मिनिटं ओलं राहू दे. लगेच पुसलंत तर जंतू नुसते आंघोळ करून मोकळे होतील!" डॉक्टरीणबाईसुद्धा निमूट थांबतात, तिथे बाकीच्यांची काय बिशाद!

त्या मंगळवारी सकाळी सकाळी पार्वोची लागण झालेलं कुत्र्याचं पिल्लू आलं. ओकाऱ्या, रक्ताचे जुलाब. लस न टोचलेल्या पिल्लांचा काळच तो. मावशीने त्याला मागच्या खोलीत नेलं, टेबल, फरशी, दाराच्या कड्या, सगळं धुतलं, कपडे बदलले आणि कंबरेवर हात ठेवून पाहिलं. काय टाप आहे जंतूची!

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतले मास्तर आले. निवृत्त, मुलगी लांब, घरात बोलायला माणूस नाही म्हणून महिन्याभरापूर्वी पिल्लू आणलेलं. आज त्याची पहिली लस. मास्तरांनी स्वतःच त्याला दाराजवळच्या वजनकाट्यावर बसवलं.

"साडेतीन किलो! माझ्यापेक्षा जास्त जेवतो लेकाचा."

मावशी हसली, आणि हसू अर्ध्यातच थिजलं. सकाळचं ते पिल्लू आल्या आल्या तिनेच या काट्यावर ठेवलं होतं. नंतर काटा पुसला? तिने सगळी सकाळ डोक्यात उलटी फिरवून पाहिली. नव्हता पुसला.

तिने डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. "मावशी, लागण होईलच असं नाही. उगाच घाबरतील ते."

"घाबरू देत. नाही सांगितलं तर पहिल्या ओकारीला पाणी पाजत घरी बसतील, आणि उशीर होईल."

तिने मास्तरांना सगळं सांगितलं.

"विसरलं कोण?"

"मीच."

"तुम्ही?" एवढंच म्हणाले. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पिल्लाला साबणाने धुतलं, लस टोचली. पण लस अंगी लागायला दिवस जातात. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आठवडाभर लक्ष ठेवा. खाणं सोडलं, ओकला, की आधी फोन करा. आत आणू नका, आम्ही बाहेर येऊ."

मावशी रोज सकाळी फोन करायची. चौथ्या दिवशी मास्तर म्हणाले, "जेवला नाही."

ती मटकन स्टुलावर बसली.

"दूधभात नाही जेवला. माझ्या चपलेचा पट्टा जेवला."

"मास्तर, जीव घ्याल माझा!"

सहाव्या दिवशी फोन लागेना. तीनदा लावला, बंद. हातातला बोळा टाकून ती तशीच निघाली. मास्तरांचं फाटक बंद, खिडक्या बंद. बेल वाजवली, कोणी येईना. पुन्हा वाजवली.

दार उघडलं. मास्तर ओल्या केसांनी, सदऱ्याची बटणं लावत बाहेर आले. "अहो, अंघोळीला होतो. फोन ना? यानेच पाडला पाण्याच्या भांड्यात."

त्यांच्या पायांमधून पिल्लू सुसाट आलं आणि फाटकाच्या गजांतून नाक बाहेर काढलं. मावशी झटकन मागे सरकली, पार रस्त्याच्या पलीकडे.

"आत या की! उचलून घ्या त्याला."

"मागे घ्या आधी! मी दवाखान्यातूनच आलेय, त्याच कपड्यांत, त्याच चपलांत. अजून दिवस संपले नाहीत."

मास्तरांनी पिल्लाला दोन्ही हातांत उचललं आणि कापडाच्या दुकानात साडी दाखवावी तसं पुढून, मागून, पोटाकडून फिरवून दाखवलं. मावशीने डोळे बारीक करून सगळं पाहिलं. तरी तिचं समाधान होईना.

"काल शी किती वेळा झाली?" तिने रस्त्यापलीकडून खणखणीत आवाजात विचारलं. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या.

"दोनदा!" मास्तर त्याहून मोठ्यांदा ओरडले. "आणि चांगली घट्ट!"