सव्वीस सेकंद

डॉक्टरांनी आयुष्यात एकाही माणसाची नाडी पाहिली नव्हती. मोठ्या कालव्याच्या काठावरच्या नियंत्रण खोलीतले ते दुरुस्तीवाले, आणि त्यांचे रोगी म्हणजे वीतभर लांबीची हिरवी कार्डं. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात खोचलेलं असं एक कार्ड वर धरणावर होतं, एक इथं खाली, आणि मधे अठरा किलोमीटर तार. धरणातून पाणी सोडायचं ठरलं की वरचं कार्ड खालच्याला कळवायचं, इथला भोंगा वाजायचा, आणि कालव्यात उतरलेली माणसं सात मिनिटांत शिड्या चढून काठावर यायची. काम एवढंच. ते चुकलं तर काय, हे कुणी भिंतीवर लिहून ठेवलं नव्हतं, कारण तशी गरज नव्हती.

कार्डाचं दुखणं डॉक्टरांना नुसत्या वासावरून कळतं, असं लोक म्हणत. डॉक्टर ते नाकारत नसत. घरी बायको म्हणायची, आमच्या मिक्सरला तेवढा वास नसावा, तीन महिने पडलाय बिचारा.

नव्या माणसाला काम शिकवताना ते पलंगाचा दाखला देत. दोघं मिळून जड पलंग जिन्यावरून उतरवताहेत. एकानं ‘हां, आता’ म्हटलं की दोघांनी पाऊल टाकायचं. कार्डांचंही तसंच. तारेवरून अक्षरं येतात ती एका ठोक्यावर येतात, मधे थांबा नाही, खूण नाही. ठोका चुकला की सगळी अक्षरं एकमेकांवर पडतात. हा ठोका देतो तारेच्या टोकाला बसवलेला लाइनचा डबा. त्यातून कार्डापर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये एक वायर फक्त त्या ठोक्यासाठी असते, आणि दोन्ही कार्डांनी तिचंच ऐकायचं असतं.

एवढं सांगून डॉक्टर थांबत. पुढचं ते कुणालाच सांगत नसत.

पुढचं असं, की या दोन कार्डांनी त्या वायरचं गेल्या अकरा वर्षांत काहीच ऐकलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी, बड्या साहेबांची पाहणी दोन दिवसांवर आलेली असताना लाइन मेली होती. तेव्हा डॉक्टरांच्या जोडीला एक चष्मेवाला सहकारी होता, हडकुळा, हट्टी. केबलमधली ठोक्याची वायर तुटलीय, भिंत फोडून नवी केबल ओढावी लागेल, दोन दिवस काम बंद ठेवा, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. डॉक्टरांनी कार्ड बाहेर काढलं, त्यावरचा नखाएवढा जंपर, म्हणजे पिना जोडणारी टोपी, एका पिनेवरून दुसऱ्या पिनेवर सरकवला, वर धरणावरच्या माणसाकडून फोनवर तेच करवून घेतलं, आणि लाइन चालू असल्याचा खिडकीवरचा दिवा हिरवा झाला. आता प्रत्येक कार्ड आपल्याच अंगावरच्या स्फटिकाच्या ठोक्यावर चालत होतं आणि समोरच्याचं पाऊल अंदाजानं पकडत होतं. पलंग उतरत होता, फक्त ‘हां, आता’ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. वहीत डॉक्टरांनी लिहिलं, ‘लाइनमधील दोष दूर केला. वेळ दहा मिनिटे.’ पाहणीत साहेबांनी विचारलं तेव्हा त्यांनी जंपर दाखवला, तुटक्या वायरचं नाव काढलं नाही. त्यांना बढती मिळाली. चष्मेवाल्यावर राईचा पर्वत करणारा असा शिक्का बसला आणि त्याची लांबच्या एका केंद्रावर बदली झाली.

स्फटिकही म्हातारे होतात. या उन्हाळ्यात कार्डांची पावलं चुकू लागली. लाइन तुटायची आणि आपली आपण जुळायची. डॉक्टरांनी खिशातल्या कागदावर मांडून ठेवलं होतं. आधी आठ सेकंद, मग अकरा, मग एकोणीस. कपाटातलं एकुलतं एक जादा कार्ड त्यांनी सोमवारी लावून पाहिलं. तेही त्याच वयाचं आणि त्याच दुखण्याचं निघालं. बुधवारी सकाळी लाइन जुळायला सव्वीस सेकंद लागले.

तीसच्या पुढे काय होतं ते डॉक्टरांना पाठ होतं. वरचा कॉम्प्युटर पाण्याचा निरोप दहा दहा सेकंदांनी तीनदा पाठवायचा. तिन्ही वेळा उत्तर आलं नाही तर तिथल्या प्रिंटरवर एक ओळ उमटायची आणि तो गप्प बसायचा; पाणी काही थांबायचं नाही. इथला दिवा मात्र लाल व्हायला पूर्ण एक मिनिट घ्यायचा. म्हणजे तीस ते साठ सेकंदांच्या मधे निरोप हरवणार, भोंगा मुका राहणार आणि दिवा हिरवागार दिसणार. दिवा हिरवा असला की माणसं कालव्यात उतरायची, लाल झाला की वर यायची. नियमच होता तसा.

आणि सध्या रोज बेचाळीस माणसं उतरत होती. गाळ काढायचं काम चाललं होतं आणि त्यांचा मुकादम होता डॉक्टरांचा सख्खा धाकटा भाऊ. खाली उतरण्याआधी खिडकीत डोकं घालून काहीतरी बोलल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. त्या बुधवारी म्हणाला, “दादा, तुझा भोंगा जरा एक वाजता वाजव की. तेवढीच जेवायची सुट्टी लवकर होईल.”

डॉक्टर हसले नाहीत. भाऊ म्हणाला, वहिनीनं आज चहा दिला नाही वाटतं, आणि शिडीवरून दिसेनासा झाला.

डॉक्टर उठून वरच्या मजल्यावर गेले. कार्यकारी अभियंता नवीन होत्या, वयानं त्यांच्या मुलीएवढ्या, पण कामाला वाघ. डॉक्टरांनी सांगितलं की लाइन नीट नाही, दोन दिवस गाळाचं काम थांबवलं तर बरं. मॅडमनी कॅलेंडर दाखवलं. आठ दिवसांत शहराचं पाणी सोडायचं होतं, एक दिवसही हातचा नव्हता. मग त्यांनी जुनी वही मागवली आणि पानं उलटली.

“डॉक्टर, मागे हीच लाइन तुम्ही दहा मिनिटांत दुरुस्त केली होतीत ना? इथं तुमच्याच अक्षरात आहे.”

बोलायची वेळ होती ती हीच. “हो मॅडम,” एवढं म्हणून ते जिना उतरले. उतरताना त्यांचा हात कठड्यावर घट्ट होता, जणू पायऱ्यांवरचा विश्वास उडाला होता.

खोलीत सगळं रोजच्यासारखं होतं. पंखा फिरत होता, दिवा हिरवा होता. बाहेर फावड्यांचा आवाज येत होता, मधूनच कुणाचं तरी खिदळणं. अकरा वाजून दहा मिनिटांनी लाइनवरून येणारा, पडद्यावरचा धरणाच्या पातळीचा आकडा थिजला. डॉक्टर हातातल्या घड्याळाकडे बघत राहिले. वीस. सव्वीस. तीस गेले. दिवा हिरवाच. चौतिसाव्या सेकंदाला आकडा पुन्हा हलू लागला, जसं काही झालंच नव्हतं.

त्या चौतीस सेकंदांत वरून पाणी सुटलं नाही, एवढंच. त्याला कारण काही नव्हतं.

डॉक्टरांनी कॉम्प्युटर बंद केला, झाकण काढलं, दोन्ही अंगठ्यांनी कार्ड धरून उपटलं आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. मिनिटभरानं दिवा लाल झाला. बाहेर कुणीतरी ओरडून सांगितलं आणि शिड्या वाजू लागल्या. बेचाळीस माणसं काठावर आली, चिखलानं माखलेली, कोरड्या कालव्याकडे आणि स्वच्छ आभाळाकडे आळीपाळीनं बघत. भाऊ खिडकीशी आला. त्याला टेबलावरचं कार्ड दिसलं, दादाचा चेहरा दिसला, आणि तो माणसांकडे परत गेला.

मॅडम आल्या त्या भरभर आल्या. कार्ड कुणी काढलं, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाहणी, जंपर, तुटकी वायर, वहीतली खोटी ओळ, चष्मेवाल्याची बदली. ऐकून झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि शांतपणे म्हणाल्या की तुमचं काय करायचं ते नंतर बघू. वायर भिंतीत नेमकी कुठं तुटलीय ते एकाच माणसाला माहीत आहे, आधी त्याला फोन लावा, आणि तुम्ही स्वतः लावा.

अकरा वर्षांत डॉक्टरांनी त्याचा आवाज ऐकला नव्हता. फोन उचलला गेला. डॉक्टरांनी नाव सांगितलं आणि एका दमात म्हणाले की तुमचं बरोबर होतं, वायरच तुटली होती, मी कार्ड काढून ठेवलंय.

मग चष्मेवाल्यानं, कालच भेटल्यासारखं, वायरची जागा सांगितली. दारापासून तिसऱ्या खांबामागे, जमिनीपासून हातभर वर. डॉक्टरांनी लिहून घेतली. ते आभार मानणार होते.

“तुम्ही तुमचं काढलंत,” तो म्हणाला. “बाकीच्यांचं काय?”

“बाकीचे कोण?”

“तुम्हाला माहीत नाही? तुमच्या त्या दहा मिनिटांचं परिपत्रक निघालं होतं. लाइन कुरकुरली की भिंत फोडू नका, जंपर सरकवा. मी इथं हजर झालो त्याच आठवड्यात माझ्या हातात पडलं. मी विरोध केला, तर म्हणाले, परत सुरू झालं का तुमचं?”

डॉक्टरांनी खुर्ची ओढली, पण ते बसले नाहीत. “मग तुम्ही…”

“सरकवला. सगळ्या केंद्रांनी सरकवला.”

“सगळ्या म्हणजे किती?”

“चौदा.”

मॅडम डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. फोनमधलं त्यांना ऐकू येत नव्हतं.

“तुमचा दिवा आत्ता कसा आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“हिरवा.”

“खाली माणसं?”

“साठेक असतील. आमचाही गाळच चाललाय.”

“कार्ड काढा,” डॉक्टर म्हणाले. “आत्ता काढा. मी सांगतोय ना.”

“काढतो की,” चष्मेवाला म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच डॉक्टरांना झेपेना. “पण लेखी द्या. मागच्या वेळी मी नुसतं तोंडानं बोललो होतो.”

डॉक्टरांनी फोन टेबलावर ठेवला, कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण दातांनी काढलं. ‘मी’ एवढं लिहून झालं आणि हात थांबला. टेबलावरच्या फोनमधून, किती किलोमीटरांवरून कोण जाणे, फावड्यांचा आवाज येत होता. आणि कुणीतरी खिदळत होतं.